दार उघडले, दर मात्र वेगळा!

परवा एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी जाण्याचा योग आला. वय ऐंशीच्या पुढे, नामांतराच्या लढ्यात तुरुंग पाहून आलेला माणूस. आम्ही गप्पा मारत बसलो असतानाच त्यांची दोन नातवंडे बाहेरून आली. नातू बारावीला, नात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दोघेही केस कापून आली होती. नातीने उन्हाळ्याला कंटाळून केस अगदी भावासारखेच बारीक कापून घेतले होते. दुकान एकच, कारागीर एकच, कात्री एकच आणि वेळही जवळपास सारखाच. पैसे मात्र भावाचे दीडशे आणि बहिणीचे साडेतीनशे!

पोरगी चिडली होती. म्हणाली, "मी विचारलं त्याला, माझं वेगळं काय केलंत? तर म्हणतो, मॅडम, लेडीज कट आहे, बोर्डावर लिहिलंय."

आजोबा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "पोरी, आमच्या गावात न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या डोक्याला हात लावायचा नाही. आमचा बापच आमची डोकी करायचा. तुला निदान खुर्चीवर तरी बसवलं."

नात म्हणाली, "बसवलं आबा, पण खुर्चीचे पैसे दुपटीनं घेतले."

आम्ही घरी परतलो, पण त्या पोरीचे वाक्य काही डोक्यातून जाईना. एकाच घरातल्या दोन पिढ्या, दोघांचाही प्रश्न न्हाव्याच्या दुकानाचा. आजोबांना दार बंद होते. नातीला दार उघडे आहे, पण आत गेल्यावर तिच्यासाठी दर वेगळा आहे. या वेगळ्या दराचा विचार आपण चळवळीतल्या लोकांनी कधी केला आहे काय?

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५ आपल्याला तोंडपाठ आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे येथे जाण्यास आडकाठी करता येणार नाही, असे त्याचा दुसरा खंड सांगतो. विहिरी, तलाव, घाट, रस्ते हे त्याच खंडात पुढे येतात. हा अनुच्छेद वाचताना आपली नजर 'जात' या शब्दावर थांबते. ते स्वाभाविकच आहे, कारण पाठीवर वळ त्याच शब्दाचे आहेत. परंतु 'जात' या शब्दाला लागूनच 'लिंग' हा शब्द आहे, आणि तो तेथे शोभेसाठी ठेवलेला नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, त्याची व्याप्ती कुठवर, अशा शंका निघाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की, हा शब्द केवळ आत प्रवेश मिळण्यापुरत्या मर्यादित अर्थाने वापरलेला नाही. सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही जो आपली सेवा द्यायला तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान, इतका व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. म्हणजे न्हाव्याचे दुकानही त्यात आले, धोब्याचेही आले. केवळ उंबरा ओलांडू देणे पुरेसे नाही, आत सेवाही मिळाली पाहिजे, हा त्या खुलाशाचा गाभा होता.

मात्र त्याच खुलाशात, सेवेच्या अटी दोघांना मान्य असतील तर, असाही भाग होता. बाजाराचा सगळा खेळ आज या 'अटीं'तच चालतो. प्रवेश सर्वांना खुला, सेवाही सर्वांना. पण अट, म्हणजे दर, बाईला वेगळा. हा दर ठरवताना तिला कोणी विचारत नाही.

या प्रकाराला इंग्रजी वर्तमानपत्रांतून 'पिंक टॅक्स' म्हणजे 'गुलाबी कर' असे नाव मिळाले आहे. हा सरकारने बसवलेला कर नव्हे. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला किंवा सेवेला, तशाच पुरुषी वस्तूपेक्षा जे जास्त पैसे मोजावे लागतात, त्याला हे नाव आहे. या शब्दाची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. म्हणून आधी आकडे पाहू.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. लहान मुलांच्या खेळण्यांपासून म्हाताऱ्यांच्या काठीपर्यंत सुमारे ८०० वस्तूंच्या किमती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या गेल्या. स्त्रियांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. साबण, शाम्पू, रेझर, डिओडरंट अशा अंगाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये हा फरक १३ टक्के होता. १०० पैकी ४२ वेळा बाईची वस्तू महाग होती, तर पुरुषाची वस्तू महाग असण्याचे प्रसंग १८ होते. त्या पाहणीतले एक उदाहरण फार बोलके आहे. मुलांनी पायाने रेटायची एक स्कूटर लाल रंगात २४.९९ डॉलरला होती. तीच स्कूटर मुलींसाठी गुलाबी रंगात ४९.९९ डॉलरला! चाके तीच, दांडा तोच. रंगाचे पंचवीस डॉलर! आणि हे पैसे कोणाकडून घेतले? अजून 'स्त्री' या शब्दाचा अर्थही न कळणाऱ्या मुलीच्या नावाने.

आता ही बाजारातली युक्ती चालते कशी, ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांची अशी समजूत असते की पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सरकार ठरवते. तसे नाही. काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती किंमत माल बनवणारी कंपनीच ठरवते. सरकारचा नियम एवढाच की ती छापली पाहिजे आणि दुकानदाराने त्याहून जास्त घेऊ नये. म्हणजे कंपनीने एकाच प्रकारचा माल निळ्या पाकिटात एका किमतीला आणि गुलाबी पाकिटात दुसऱ्या किमतीला छापला, तर छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार ग्राहकाला करता येत नाही. फसवणूक झाली, पण नियम मोडला नाही!

कंपन्या यावर सांगतात की, दोन वस्तू वेगळ्या आहेत. एकात कोरफड आहे, दुसऱ्यात नाही. एकाची मूठ वळलेली, दुसऱ्याची सरळ. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. अमेरिकेत पुढे झालेल्या संशोधनात असे दिसले की, घटक तंतोतंत सारखे असणाऱ्या वस्तूंची तुलना केली तर किमतीतला फरक फारसा उरत नाही. पण स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या वस्तू बहुधा तंतोतंत सारख्या बनवलेल्याच नसतात. काही विद्वानांनी यावरून गुलाबी कर म्हणजे केवळ आरडाओरड, असा निष्कर्ष काढला. आम्हाला त्यातून वेगळेच दिसते. आधी वेगळे करा, मग तुलनाच अशक्य करा आणि मग वेगळा दर लावा! घाम बाईचाही तोच आणि पुरुषाचाही तोच. दाढीचे आणि पायाचे केस कापणारे पातेही पोलादाचेच. तरी आधी दोन कप्पे करायचे, दोन वास, दोन रंग, दोन नावे द्यायची आणि मग म्हणायचे, या वस्तू एक नाहीत, तर किंमत एक कशी असेल? 'वेगळे पण समान' या शब्दांच्या आड काय काय लपते, हे ज्यांचे पाणवठे वेगळे होते त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

औषधातही हे घडले आहे. ऑस्ट्रेलियात एका नामांकित कंपनीने एकच वेदनाशामक गोळी पाठदुखीसाठी वेगळी, अर्धशिशीसाठी वेगळी, डोकेदुखीसाठी वेगळी आणि मासिक पाळीच्या दुखण्यासाठी वेगळी, अशा वेगवेगळ्या खोक्यांतून विकली. किंमत साध्या गोळीच्या जवळपास दुप्पट. आत औषध तेच, प्रमाण तेच. तेथील ग्राहक आयोग न्यायालयात गेला. २०१५ साली न्यायालयाने हा प्रकार दिशाभूल करणारा ठरवला आणि २०१६ साली वरच्या न्यायालयाने दंड वाढवून ६० लाख डॉलर केला. येथे दिशाभूल केवळ बायकांची झाली नव्हती. पण पाळीच्या दुखण्याने कळवळणाऱ्या बाईच्या हातात तीच गोळी दुप्पट किमतीला ठेवली गेली, हे विसरता येत नाही.

आता आमचे काही मित्र विचारतील, जबरदस्ती कोणी केली? गुलाबी नको तर निळे घ्या! पुरुषांचा रेझर घेतला तर दुकानदार हात धरणार आहे काय? खरे आहे, हात कोणी धरत नाही. परंतु १९२७ साली महाडला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता. पाणीच हवे ना, मग चवदार तळेच कशाला? त्यावर बाबासाहेबांनी सांगितले होते की, त्या तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार होतो असे नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत. रेझरच्या किमतीची चवदार तळ्याशी बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. त्या यातनांची सर कशालाच नाही. पण तत्त्व तेच आहे. दुसरी सोय उपलब्ध आहे म्हणून विषमता क्षम्य ठरत नाही.

आणखी एक आक्षेप असतो. बाईचे केस लांब, वेळ जास्त लागतो, तर पैसे जास्त नकोत काय? अवश्य घ्या! केशकर्तनाचा व्यवसाय करणारे बांधवही कष्टकरीच आहेत, त्यांच्या घामाचे मोल बुडावे असे कोण म्हणेल? पण मग दर वेळेवर लावा, केसांच्या लांबीवर लावा, कामाच्या कठीणपणावर लावा. खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या तरुणाला 'जेंट्स'चा दर आणि बारीक केसांच्या मुलीला 'लेडीज'चा दर, हा कोणता न्याय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९५ सालीच कायदा करून सेवांच्या बाबतीत हे बंद केले. वेळ, कष्ट किंवा खर्च जास्त लागला तर जास्त घ्या, पण केवळ ती बाई आहे म्हणून जास्त घ्यायचे नाहीत, असे तो कायदा सांगतो. न्यूयॉर्क राज्याने २०२० साली वस्तू आणि सेवा दोन्हींना हा नियम लावला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून वस्तूंनाही लावला. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. पण केवळ लिंगावरून वेगळा दर लावू नये, असे त्यात कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही.

इथपर्यंत ज्या वस्तू आल्या, त्यांना निदान पर्याय आहे. पण जिला पर्यायच नाही, अशा गरजेचे काय? येथे कंपनी बाजूला राहते आणि खुद्द सरकारच समोर येते.

१ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यात सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. त्याच यादीत कुंकू, टिकली, सिंदूर, आळता आणि काचेच्या बांगड्या यांवर कर शून्य होता. बांगडीवरचा कर माफ झाला याचे आम्हाला दुःख नाही. बांगडीच्या भट्टीवर होरपळणारा कारागीर आणि दारोदार फिरणारी कासारीण यांचे पोट त्यावर आहे. आमचा प्रश्न त्या यादीमागच्या डोक्याला आहे. बाईची गरज काय, हे ठरवायला बसलेल्यांना तिच्या कपाळावरचे कुंकू दिसले, हातातली बांगडी दिसली, भांगातला सिंदूर दिसला. म्हणजे ती कोणाची तरी बायको आहे हे दाखवणारी प्रत्येक खूण दिसली. पण ती स्वतः एक शरीर आहे, त्या शरीराला दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि त्यासाठी तिला काही लागते, हे दिसले नाही! सौभाग्य करमुक्त आणि आरोग्यावर कर! मनुस्मृती जाळून नव्वद वर्षे झाली त्याच वर्षी ही यादी निघाली.

दिल्लीतील एका संशोधक विद्यार्थिनीने या कराविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. सिंदूर, काजळ यांना सूट देता तर याला का नाही, असे न्यायालयाने विचारले. कर ठरवणाऱ्या ३१ जणांच्या परिषदेत एकही स्त्री नाही, याकडेही न्यायालयाने बोट दाखवले. प्रतिनिधित्वाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. जेथे आपले माणूस बसलेले नसते, तेथे आपली गरज कागदावर येत नाही. देशभर स्त्रियांनी मोहिमा चालवल्या आणि अखेर २१ जुलै २०१८ च्या बैठकीत हा कर रद्द झाला. त्याच बैठकीत राखीवरचाही कर माफ झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे!

कर गेला, पण किंमत त्या प्रमाणात उतरली काय? येथेही मेख आहे. तयार मालावर कर शून्य झाला की, कच्च्या मालावर भरलेला कर उत्पादकाला वजावटीत परत मिळत नाही. तो खर्च किमतीत मिसळतो. म्हणून १२ टक्के कर गेला म्हणजे पाकीट १२ टक्क्यांनी स्वस्त झाले, असे होत नाही. सवलतीची घोषणा मोठी झाली, पदरात पडले ते थोडे.

अशा वेळी अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांची आठवण होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलाच्या पद्धतीवर टीका केली होती. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या पुढेच लागतो, पण जमीन महसूल गुंठाभर जमिनीच्या कुळालाही सुटत नाही, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. कर देणाऱ्याची ऐपत पाहिली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. आता हे सूत्र नॅपकिनला लावून पाहा. बंगल्यात राहणाऱ्या बाईने आणि तो बंगला झाडणाऱ्या बाईने एका पाकिटामागे सारखाच कर भरला. एकीला तो कळलाही नाही, दुसरीने त्यापायी पाकीटच घेतले नाही.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयोगटातील सुमारे निम्म्या मुलींनी आपण पाळीच्या वेळी कापड वापरतो, असे सांगितले. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले कापड वाईट नव्हे. पण एका खोलीच्या घरात, जेथे नळ वस्तीत एक आणि वाळत घालायला दोरी चारचौघांसमोर, तेथे ते कापड उन्हात कोण घालणार? ते ओलसर कोपऱ्यात दडवले जाते आणि दुखणे घेऊन येते. त्या दुखण्याचे बिल कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते.

जास्त दर देणाऱ्या या बाईच्या हातात मुळात पैसा येतो किती, हेही पाहू. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईची मजुरी आणि त्याच शेतातल्या गड्याची मजुरी यांतला फरक गावात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, बाईचे काम हलके! म्हणजे येथेही तीच युक्ती. आधी काम वेगळे करायचे, मग दर वेगळा लावायचा. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला विचारा ते काम हलके आहे का! कमावताना तिला कमी मिळते आणि खर्च करताना जास्त द्यावे लागते. पिळवणुकीचा हा चरक दोन्हीकडून फिरतो.

बाबासाहेबांनी यातली पहिली बाजू फार पूर्वी ओळखली होती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, युद्धकाळात कोळसा खाणींत स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर घेण्यावरची बंदी उठवली गेली. तो निर्णय वादग्रस्त होता. पण १९४४ साली त्यावर कायदेमंडळात बोलताना, या उद्योगात स्त्री असो वा पुरुष, समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपण प्रस्थापित केले आहे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. पुढे तेच तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आले. समान कामाला समान दाम आपण मान्य केले. मग समान वस्तूला समान दाम, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू नव्हे काय?

ऊसतोड करणाऱ्या आमच्या भगिनींनी या विषमतेची सर्वांत भयंकर किंमत मोजली आहे. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा धरला जातो, पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही फडावर उभे राहावे लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे पुढे आले. पाळीचा खर्च आणि पाळीचा खाडा परवडत नाही, म्हणून पाळीच नको, इथवर हा व्यवहार जाऊन पोहोचतो. गुलाबी पाकिटाला हसणाऱ्यांनी ही साखळी शेवटपर्यंत पाहावी.

आम्हाला कल्पना आहे, आमच्याच काही वाचकांना वाटेल की रोज अत्याचाराच्या बातम्या येतात, नोकऱ्या जातात, शिष्यवृत्त्या अडतात आणि तुम्ही साबण-शाम्पूच्या किमती काय घेऊन बसलात? हा तर मॉलमधल्या बायकांचा प्रश्न! बंधूंनो, मॉलमधली बाई महाग वस्तू घेऊनही जगते. खरी झळ बसते ती महिन्याच्या शेवटी मुलीचे पाकीट की भावाची वही, असा हिशेब करणाऱ्या घराला. आणि त्या हिशेबात बहुतेक वेळा कोणाचे पाकीट मागे राहते, हे आपण सर्व जाणतो. श्रेणीबद्ध विषमतेचा नियमच असा आहे की, ओझे वरून खाली सरकत येते आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईच्या डोक्यावर थांबते.

तेव्हा आपण काय करायचे? पहिली गोष्ट, पाकीट वाचायचे. बाबासाहेबांनी आपल्या हाती अक्षर दिले, ते बाजारातही वापरू या. २०२१ साली झालेल्या नियमदुरुस्तीमुळे आवेष्टित मालावर एकूण किमतीबरोबरच एका ग्रॅमला, एका मिलिलिटरला किंवा एका नगाला किती पैसे पडतात, तेही छापावे लागते. रंग आणि फोटो सोडून तो बारीक आकडा पाहा. बचत गटाच्या बैठकीत दोन पाकिटे शेजारी ठेवा आणि मुलींनाच हिशेब करायला लावा. आकडा छापलेला नसेल किंवा छापील किमतीहून जास्त घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एका रुपयाला एक नॅपकिन देण्याची योजना आहे. आपल्या भागातील केंद्रात तो माल प्रत्यक्षात असतो का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे आणि नसेल तर जाब विचारावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. अनुच्छेद १५ चा तिसरा खंड स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला देतो. समान वस्तू आणि समान सेवा यांना केवळ लिंगावरून वेगळा दर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे ग्राहक कायद्यात स्पष्ट लिहा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडून सभागृहात आली पाहिजे. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबरला, आपण मनुस्मृती दहनाचा दिवस पाळतो. दोन्ही दिवसांना जोडणारा विषय याहून चांगला कोणता?

तिसरी गोष्ट आपल्या घरची, आणि ती सर्वांत अवघड. आपल्या समाजातील अनेक तरुणांनी आज सलून, पार्लर, कपडे धुण्याची दुकाने टाकली आहेत. ज्या धंद्यांची दारे आपल्या बापजाद्यांना बंद होती, त्या धंद्यांत आपली मुले मालक झाली, ही अभिमानाची बाब आहे. पण त्या दुकानातल्या दरफलकावर काय लिहिले आहे? 'लेडीज' आणि 'जेंट्स' असे दोन रकाने पाडले असतील तर ते पुसा. साधे केस कापणे इतके, लांब केस इतके, असे कामानुसार दर लिहा. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्या हातांनी आपल्याच घरातल्या मुलीच्या महिन्याच्या गरजेसाठी पैसे बाजूला काढले का, हेही एकदा मनाला विचारा. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी दिली. ती कसोटी व्यासपीठावर सांगायला सोपी आहे, किराणा मालाच्या यादीला लावायला कठीण.

त्या दिवशी निघताना आम्ही त्या आजोबांना विचारले, "आबा, पोरीचं म्हणणं पटलं का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या वेळी दार उघडायचं होतं, ते उघडलं. आत काय लिहिलंय ते वाचायला आम्हाला येत नव्हतं. हिला येतं. तर तिनं बोललंच पाहिजे."

ती पोर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात जाणार आहे. केस कापायला नव्हे, त्या पाटीविषयी बोलायला. तिच्याबरोबर तिचा भाऊही जाणार आहे, याचा आम्हाला अधिक आनंद वाटतो.